लिंबाचे चार थेंब

गेल्या आठवड्यात आई सरबतासाठी लिंबू पिळत असताना चार थेंब ओट्यावरच्या एका पांढुरक्या दगडावर सांडले आणि त्यावर बारीक बुडबुडे उठले. थोरल्या भावाने अल ऐनहून आणलेला तो मुठीएवढा दगड आमच्याकडे वेलदोडे ठेचायच्या कामी येतो. पाहुण्याला असे राबवणे शोभत नाही, हे मी आईला सांगून पाहिले आहे. शेजारच्या काळ्या पाट्यावरही दोन थेंब उडाले होते. तो मात्र ढिम्म राहिला.

हा दगड ज्याच्या पायथ्याचा, तो जबल हफीत संयुक्त अरब अमिरातीत, अल ऐन शहराच्या दक्षिणेला, ओमानच्या सीमेवर उभा आहे. दादा त्याला 'जबल हफीतचा डोंगर' म्हणतो. अरबीत जबल म्हणजेच डोंगर. पण आपणही विंध्याचल पर्वत म्हणतोच, तेव्हा त्याला हसण्यात अर्थ नाही. हजार मीटरहून उंच असलेला हा डोंगर चुनखडीचा आहे, म्हणून तो लिंबाने फसफसतो. आणि ही चुनखडी समुद्राच्या तळाशी साचलेली असल्यामुळे, जिथे प्यायचे पाणी जपून वापरावे लागते, तिथल्या खडकात सागरी जीवांचे अवशेष सापडतात.

सपाट मुलखात एकटाच उभा असल्याने तो फार दुरून दिसतो, आणि माणसांनी त्याचा आधार घेतला तोही फार पूर्वीपासून. त्याच्या पायथ्याशी दगड रचून बांधलेली, घुमटासारखी थडगी सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची आहेत. १९५९ मध्ये डॅनिश पुरातत्त्वज्ञांनी तिथे उत्खनन सुरू केले, तेव्हा थडग्यांतून मेसोपोटेमियाच्या धाटणीची मातीची भांडी निघाली. पुढे त्या प्रदेशाच्या इतिहासातील एका कालखंडालाच 'हफीत काळ' असे नाव पडले, आणि २०११ मध्ये अल ऐनच्या इतर स्थळांबरोबर हफीतही जागतिक वारशाच्या यादीत गेला. राजाच्या नावाचा शक असतो, डोंगराच्या नावाचाही असू शकतो, हे मला फार आवडले.

आमच्या कळव्याच्या गॅलरीतून पारसिकचा डोंगर दिसतो. म्हणजे दोन टॉवरच्या फटीतून जेवढा उरला आहे तेवढा. तो लाव्हारसाच्या काळ्या पाषाणाचा, आमच्या पाट्याच्याच जातकुळीचा. त्याच्या पोटातून आगगाडी १९१६ पासून धावते आहे, आणि बोगद्यात शिरताच डब्यातली पोरे एका सुरात ओरडतात, हा त्याचा खरा जयजयकार. खाणींनी त्याच्या कुशी खरवडल्या, तरी वाट चुकलेल्या नातेवाइकाला फोनवर आम्ही अजून 'डोंगर उजव्या हाताला ठेवून या' असेच सांगतो. दादाचेही तिकडे तसेच आहे: मोठ्या रस्त्यावरून परतताना हफीतची धूसर कड दिसली की तो गाडीतली गाणी बंद करतो, कारण घर आले.

रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याने आईला तो डोंगर दाखवला. तांबूस, उघडाबोडका, अंगावर झाडाची काडी नाही. आईने चष्मा सारखा करून बराच वेळ पाहिले आणि विचारले, "अरे, यावर ढग उतरतात तरी का? मग तुम्ही कपडे कधी काढता दोरीवरून?"

दादा हसत काही सांगू लागला, पण तोवर इकडे पारसिक निम्मा दिसेनासा झाला होता आणि आई फोन माझ्या हाती देऊन गॅलरीकडे धावली होती.