या आठवड्याचं आभाळ

परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. मोबाईलमधून फिरत फिरत दुपारच्या चहापर्यंत तो आमच्या औशातल्या हॉटेलच्या बाकड्यांवर पोचलेला असतो. या आठवड्याचा अंदाज असा : पहिले तीन दिवस कोरडे, कमाल तापमान ३२ अंशांच्या आसपास. पुढे तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह हलका ते मध्यम पाऊस, वारा ताशी ३० ते ४० किलोमीटर. एवढं वाचून होतं न होतं तोच बाकड्यांवर दोन पार्ट्या पडतात.

दिवसच तसे आहेत. पितृपक्ष सरत आलाय, सोयाबीनची पानं झडलीत, शेंगा तडकायच्या आत काढणी उरकायची आहे. काढून बनीम लावली, म्हणजे कापलेल्या सोयाबीनचा ढीग रचला, वर ताडपत्री टाकली, तरी जीव टांगलेलाच. माल भिजला की दाणा डागी होतो, आणि मोंढ्यात ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की भाव खाली येतो. पण बांधापलीकडच्या पडीक ठेवलेल्या रानात ज्वारी पेरायची असते. तिला ओल पाहिजे. म्हणजे एका बांधाच्या अलीकडं ऊन हवं आणि पलीकडं पाऊस. माझं तर स्पष्ट मत आहे, या दिवसांत देवानं मराठवाड्याचा फोन उचलूच नये.

बिचाऱ्या वेधशाळेला मात्र शिव्या फुकटच्या बसतात. तुरळक ठिकाणी म्हणजे त्यांच्या हिशोबात चारातल्या फार तर एका केंद्रावर. उरलेल्या तिघांनी ‘अंदाज चुकला’ म्हणायचं, हे ठरलेलंच. आणि मध्यम पाऊस म्हणजे साधारण १६ पासून ६४ मिलिमीटरपर्यंत काहीही! १६ पडला तर ज्वारीवाला खूश. ६४ पडला तर बनमीच्या बुडाला पाणी लागतं, आणि तरीही तो मध्यमच. ६५ झाला की अतिवृष्टी, मग महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाचा आकडा विचारायला सगळे तलाठ्याच्या मागे. २०२५ चा सप्टेंबर इकडं कुणीच विसरलेलं नाही, तेव्हा नुसती पिकं नाही, रानातली मातीसुद्धा वाहून गेली.

परतीच्या पावसाची चालच वेगळी. जून-जुलैचं आभाळ मावळतीकडून येतं आणि दिवसभर रिपरिपत राहतं. याचं तसं नाही. सकाळी आकाश धुतल्यासारखं निळं, अकरा वाजता पाठ भाजणारं ऊन. त्या उन्हानं काळ्या रानातली ओल वर चढते, दुपारी पांढरे ढग उभेच्या उभे वाढतात, चारच्या सुमाराला उगवतीकडून काळं भरून येतं. मग तहसीलपाशी धो-धो आणि किल्ल्यापाशी धुरळा. असला पाऊस कुठल्या शिवारात पडेल, हे मंगळवारी कोण सांगणार? तरी तात्या रोज विचारतात, “आपल्या गट नंबरचं काय म्हणतंय?”

आमच्या घरात या अंदाजाची तिसरीच पार्टी आहे, आईची. घट बसायच्या आत घरातली झाडून सगळी गोधडी, वाकळ, चादर धुऊन निघाली पाहिजे. जाड वाकळ एका उन्हात वाळत नाही, दोन लागतात. म्हणजे तिलाही तेच तीन कोरडे दिवस हवेत. भाऊला त्याच तीन दिवसांत रास करून सोयाबीन स्लॅबवर पसरायचंय, मळणीयंत्राचा नंबरही लागलाय. स्लॅब एकच.

“धुणं आदल्या आठवड्यात का नाही काढलं?” भाऊनं विचारून पाहिलं.

“आदल्या आठवड्यात तू कुठं काढलंस सोयाबीन?” आई म्हणाली.

शेवटी वाटणी झाली. उगवतीची बाजू सोयाबीनला, मावळतीची वाकळांना, मधे विटांची ओळ. भाऊनं पहिल्याच दिवशी दोन विटा हळूच पलीकडं सरकवल्यात. आईनं ते पाहिलंय. तो मोंढ्यात जायची वाट बघतेय.