ताट रिकामं झाल्यावर

ख्रिस्ती घरात सगळ्यात जास्त वेळा म्हटली जाणारी प्रार्थना कोणती, असं विचारलं तर बहुतेक जण प्रभूने शिकवलेली प्रार्थना असंच सांगतील. माझं मत मात्र जेवणाआधीच्या प्रार्थनेला. तिला सुट्टी नसते, पाहुण्यांसमोर ती टळत नाही, आणि तिची लांबी ताटातल्या वाफेवर ठरते. अन्न गरम असेल तर चार वाक्यांत आमेन. जेवायला चर्चचे पाळक आलेले असले तर मात्र अन्नाचं काही खरं नाही. ते मंडळीतल्या आजाऱ्यांपासून सुरुवात करतात, मग प्रवासात असलेले, परीक्षेला बसलेले, देशाचे पुढारी, आणि शेवटी पुढ्यातल्या ताटापाशी येतात. तोवर वाफ केव्हाच गेलेली असते.

या प्रार्थनेला पाठांतराचा दोष लावतात. ओठ बोलत असतात आणि मन पहिल्या घासापाशी पोचलेलं असतं, हे खरंच आहे. लहान मुलं तर एक डोळा किलकिला ठेवून मोठ्यांची पाहणी करतात आणि आमेन झाल्या झाल्या 'यांचे डोळे उघडे होते' अशी तक्रार नोंदवतात. हॉटेलात काही जण कपाळ चोळल्यासारखं करून आभार उरकून घेतात. मला त्यात ढोंग दिसत नाही, संकोच दिसतो. आणि इतका संकोच वाटत असूनही जी सुटत नाही, ती सवय पक्कीच म्हणायची. पाठ झालेल्या गोष्टींना उगाच नावं ठेवू नयेत. मन जागेवर नसताना निदान ओठ तरी हजर राहतात.

माझी शंका वेगळी आहे. आभार मानायला आपण निवडलेली वेळ जरा जास्तच सोयीची आहे. पोटात भूक, समोर भरलेलं ताट. अशा वेळी कृतज्ञ वाटायला फारसं काही लागत नाही. भूकच ते काम करते. पण जेवण झालं, हात धुतले, की त्याच अन्नाची किंमत एकदम उतरते. मघाशी ज्याच्यासाठी डोळे मिटले होते, ते आता फक्त घासायची भांडी होऊन पडलेलं असतं.

बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात, आठव्या अध्यायात, मोशे इस्राएल लोकांना सांगतो ते नेमकं या जागेवर बोट ठेवणारं आहे. तुम्ही खाऊन तृप्त व्हाल तेव्हा दिलेल्या उत्तम देशाबद्दल परमेश्वराचा धन्यवाद करा, असं तो म्हणतो. खाऊन तृप्त झाल्यावर, आधी नव्हे. यहुदी लोक आजही जेवणानंतर आभाराची मोठी प्रार्थना म्हणतात, तिचा आधार हाच. आणि दोन वचनं पुढे गेलं की मोशेची भीतीही कळते: पोट भरेल, चांगली घरं बांधाल, गुरंढोरं वाढतील, सोनंरुपं साठेल, मग मन उन्मत्त होईल आणि देवाला विसराल. रानात चाळीस वर्षं काढलेल्या लोकांना तो उपासमारीचा नव्हे, भरल्या पोटाचा धोका समजावून सांगतो आहे.

पाच भाकरी आणि दोन मासे यांची गोष्ट याच नजरेने वाचून पाहावी. भाकरी मोडण्याआधी येशूने वर आकाशाकडे पाहिलं असं येशूचं चरित्र सांगणाऱ्या चौघांपैकी मत्तय, मार्क, लूक तिघंही लिहितात. चौथा, योहान, उपकारस्तुती म्हणजे आभार मानल्याचं सांगतो. समोर पाच हजार पुरुष, बायकामुलं वेगळीच, आणि हातात एका मुलाची शिदोरी. कुणालाही काही पुरेल अशी चिन्हं नाहीत. आभार त्या पाच भाकरींचे, तुटपुंज्या असतानाच मानलेले. मग सगळे पोटभर जेवले, बारा टोपल्या तुकडे उरले. त्या बारा टोपल्यांबद्दल जमावाने आभार मानले असं मात्र चौघांपैकी एकही लिहीत नाही. योहानाच्या सांगण्याप्रमाणे लोकांना त्याला बळजबरीने राजा करायचं होतं, आणि दुसऱ्या दिवशी ते शोधत आले तेव्हा येशू त्यांना तोंडावर म्हणाला की भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून तुम्ही मला शोधता. उद्याचीही सोय व्हावी, एवढाच त्यांचा हेतू.

येशूने बऱ्या केलेल्या दहा कुष्ठरोग्यांबद्दलच्या प्रवचनांत आभार मानायला न परतलेल्या नऊ जणांवर इतकं तोंडसुख घेतलं जातं की मला त्यांची बाजू घ्यावीशी वाटते. येशूने त्यांना सांगितलं होतं, जाऊन स्वतःला याजकांना दाखवा. नियमशास्त्राप्रमाणे बरं झाल्याचा निर्वाळा याजकानेच द्यायचा होता. तो मिळाल्याशिवाय गाव नाही, घर नाही. सांगितलं तसंच ते निघाले आणि वाटेत बरे झाले. नऊ जण पुढे चालत राहिले. त्यांनी काही मोडलं नाही, उलट आज्ञा पाळली. किती काळाने घरचा उंबरठा दिसणार होता! अशा घाईला मी तरी पटकन कृतघ्नपणा म्हणणार नाही. परत फिरला तो एकटा, आणि तोही शोमरोनी, ज्याच्याशी यहुदी लोक संबंध ठेवत नसत. त्याने काय वेगळं केलं? हवं ते मिळाल्यावर, पुढची कामं खोळंबलेली असताना, तो उलट दिशेने चालला. मघाशी दुरूनच ओरडून दया मागणारा हा माणूस आता थेट पायांपर्यंत आला.

आपली अडचण बहुधा त्या नऊ जणांसारखीच असते. ताप उतरला की प्रार्थनेच्या वहीतलं ते नाव खोडलं जातं आणि त्याखालचं नाव वर सरकतं. विनंत्यांचं पान भरगच्च, आभाराचं पान कोरं.

आभारातही भेसळ होते. मंदिरात उभा राहून 'देवा, मी इतरांसारखा नाही म्हणून तुझे आभार मानतो' असं म्हणणारा परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस, तांत्रिकदृष्ट्या उपकारस्तुतीच करत होता. त्याची आवृत्ती आपल्या जेवणाच्या टेबलावरही ऐकू येते: कितीतरी लोक उपाशी आहेत, पण आम्हाला दिलंस म्हणून धन्यवाद. भावना प्रामाणिक असेल, पण त्या वाक्यात उपाशी माणूस फक्त आपलं ताट मोठं दिसावं म्हणून येतो. त्याला प्रार्थनेत आणायचंच असेल तर त्याच्यासाठी काहीतरी मागावं, नाही तर सरळ काहीतरी पाठवावं. दुसरी भेसळ त्याहून घरगुती. देवाचे आभार मानून डोळे उघडले की पहिलं वाक्य येतं, 'मीठ कमी झालंय.' जिने तासभर गॅसपाशी उभं राहून ते रांधलं, तिच्या वाट्याला आभार नाहीत, परीक्षण. स्वर्गापर्यंत पोचणारे शब्द स्वयंपाकघरापर्यंत का पोचू नयेत?

कृतज्ञतेच्या नावाखाली दुःखालाही आनंद म्हणायला लावणारे लोक मला झेपत नाहीत. दवाखान्यात पडलेल्या माणसाच्या उशाशी बसून 'या आजाराबद्दलही आभार मान' असं सांगणारे भेटतात. त्यांना मी बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय वाचायला देईन. येशूचा प्रेषित पौल, तेव्हा कैदी, त्याला घेऊन इटलीकडे निघालेलं जहाज वादळात सापडलं आहे. बरेच दिवस ना सूर्य दिसला ना तारे. जहाजावर २७६ माणसं, चौदा दिवस धड कुणी जेवलेलं नाही. पहाटे पौल सगळ्यांदेखत भाकरी घेतो, देवाचे आभार मानतो, मोडतो आणि खायला लागतो. त्याने वादळाचे आभार मानले नाहीत. हातातल्या भाकरीचे मानले. ते पाहून बाकीच्यांना धीर आला, तेही जेवले, आणि पोटं भरल्यावर जहाज हलकं करायला उरलेला गहू त्यांनी समुद्रात टाकला. जहाज शेवटी फुटलंच; माणसं मात्र सगळी किनाऱ्याला लागली.

आणि पौल ही गोष्ट तिथे सोडत नाही. ज्याच्या किनाऱ्याला ते लागले त्या मिलिता बेटावर तीन महिने काढून, पुढचा प्रवास सुखरूप करून तो रोमच्या वाटेला लागतो तेव्हा तिथले बांधव त्याला सामोरे येतात. त्यांना पाहून पौलाने देवाची उपकारस्तुती केली आणि त्याला धीर आला, असं हे पुस्तक लिहिणारा लूक नोंदवतो. भुकेल्या वादळातही आभार, आणि सगळं निभावल्यावर रस्त्यात ओळखीच्या विश्वासाची माणसं दिसली तेव्हाही. हे दुसरे आभार मला जास्त अवघड वाटतात. त्या वेळी ते मानले नसते तरी कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२९ साली कुटुंबांसाठी जी लहान प्रश्नोत्तरी काढली, तीत जेवणाआधीची प्रार्थना आहे तशीच जेवणानंतरचीही आहे. घरात मुलं असलेल्या माणसाने ती लिहिली हे कळतं, कारण हात जोडून उभं राहायचं, हेसुद्धा त्याने सांगून ठेवलं आहे. आधीची प्रार्थना टिकली, नंतरची कितीतरी घरांतून गळून गेली. कारणं समजण्यासारखी आहेत: आधी सगळे एकत्र बसतात, पण उठतात आपापल्या वेळी. कुणाचा फोन वाजतो, कुणाचा अभ्यास राहिलेला असतो, कुणी जेवता जेवताच पेंगतं.

आमच्याकडे ती पुन्हा सुरू करायचं ठरलं तेव्हा पाठ शब्द कुणालाच आठवत नव्हते, म्हणून ज्याचं शेवटी संपेल त्याने म्हणायची असा नियम झाला. अर्थातच ती पाळी घरातल्या सगळ्यात धाकट्या आणि सगळ्यात सावकाश जेवणाऱ्या सदस्यावर आली. त्याने ताटातल्या एकेका पदार्थाचं नाव घेऊन आभार मानले, नावडत्या भाजीपाशी क्षणभर थांबला, आणि म्हणाला, 'आणि ती थोडीच वाढली म्हणून पण थँक्यू, आमेन.' ती वाढणारीने हसत हसत ताट उचललं.