आधी मला उठवा, मग बोलू
काल रात्री रोझ कुशनरबद्दल वाचत बसले आणि झोपच उडाली. अमेरिकन पत्रकार, १९७४ मध्ये स्वतःच्याच स्तनात गाठ लागली. तेव्हा तिकडे पद्धत काय, तर बाईला भूल द्यायची, गाठीचा तुकडा तपासायचा आणि कॅन्सर निघाला की तिला न उठवताच त्याच टेबलवर स्तन काढून टाकायचा, म्हणजे जाग आल्यावर हात लावून बघायचं, आहे की गेला! ही म्हणाली, आधी नुसती बायॉप्सी करा, मला उठवा, मग बोलू. एकामागून एक सर्जन नाही म्हणाले, बाई फोन लावतच राहिली. १९७९ मध्ये सरकारी पॅनलने ती पद्धत सोडा असं सांगितलं, त्या पॅनलवर डॉक्टर नसूनही ही होती.

१९९० मध्ये ती कॅन्सरनेच गेली. त्याच वर्षी तिकडे गरीब बायकांच्या मॅमोग्रामसाठी (स्तनाच्या एक्स-रे तपासणीसाठी) कायदा झाला. पण गंमत बघा (गंमत कसली डोंबलाची), तपासणीची सोय झाली आणि कॅन्सर निघाला तर उपचाराचे पैसे कुठून आणायचे ते तुमचं तुम्ही बघा! मेडिकेडमधून, म्हणजे तिकडच्या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतून, उपचार द्यायची मुभा राज्यांना मिळायला २००० साल उजाडलं. मधल्या दहा वर्षांत रिपोर्ट हातात घेऊन घरी गेलेल्या बायका काही डोक्यातून जात नाहीयेत.