चिंचेचा पार

मार्चमध्ये डिचोलीच्या एका घरून फोन आला. दारातली चिंच वाळतेय, बघून जा, नाहीतर पाडायचा अर्ज टाकतो. गोव्यात 1984 च्या कायद्यामुळे परवानगीशिवाय झाड पाडता येत नाही, म्हणून अर्ज.

चिंचा उतरवायचे ते दिवस. पण उत्तरेच्या अंगाला पान नव्हतं, शेंगा होत्या त्या पोचट. मुलाला वाळवीचा संशय, शेजारणीला हडळीचा. मला आधी पाणी कमी पडलं असं वाटलं. पण जुनी चिंच असल्यातसल्या उन्हाला दाद देत नाही, मुळं खोल गेलेली असतात.

मग बुंध्याकडे नजर गेली. म्हातारी चिंच जमिनीशी पसरते, सुजलेल्या घोट्यासारखी. ही विजेच्या खांबासारखी सरळ मातीत शिरलेली. भोवती चिऱ्यांचा पार, वरून सिमेंट. देखणा होता, खोटं कशाला बोला.

पहारीनं चिरे काढले. पुढची माती हातानंच उकरली. कुदळ लागली की साल सोलली जाते. दोन फुटांखाली खरा बुंधा आला. साल काळी पडलेली, बोटानं दाबली की पाणी सुटायचं. मुळं ओल्या मातीत राहतात, खोडाच्या सालीला ते सोसत नाही. आणि आपला पावसाळा! चार-चार महिने तो पार ओल धरून बसायचा.

"एवढी माती घालायला सांगितलं कोणी?" माझा आवाज जरा चढलाच.

"तूच रे बाबा," सोप्यावरून आजी म्हणाल्या. "तौक्ते वादळ झालं तेव्हा. मुळं उघडी पडलीत, माती ओढा, शेणखत घाला म्हणालास."

मे 2021. तेव्हा दिवसाला आठ-दहा घरं करत होतो, मोटरसायकलवरून न उतरता सल्ले देत सुटलो होतो. दोन बोटं माती म्हणालो असेन. किती, ते सांगितलंच नसेल. त्यांनी विश्वासानं दोन फूट घातली आणि वर पार बांधला.

कुजकी साल चांगल्या सालीपर्यंत खरवडली, मोरचूद आणि चुन्याचा बोर्डो मलम लावला, बुंधा उघडाच ठेवला. त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत. दक्षिणेच्या जिवंत फांदीच्या चार काड्या कलमासाठी कापल्या. चिंचोका लावला तर फळ धरायला आठ-दहा वर्षं, कलमाला त्याच्या निम्मी. शिवाय कलमाची चिंच याच झाडाच्या चवीची.

"निम्मी म्हणजे किती?" आजींनी विचारलं.

"चार-पाच वर्षं."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "बरं. पण आधी ही जगव."

जूनमध्ये जाऊन आलो. चारातली दोन कलमं धरली आहेत. झाडाला दक्षिणेकडे कोवळी पालवी आहे, बुंध्यावर जखमेच्या कडेनं नवी साल चढते आहे. उत्तरेची मोठी फांदी मात्र गेली. पाऊस सरला की कापावी लागेल. मुलानं अर्ज अजून फाडलेला नाही.