फोन जरा जवळ धर

रेडिओवर निवेदन करायला लागले, त्या पहिल्याच दिवशी आमच्या वरिष्ठ बाईंनी माझं तोंड आणि माईक यांच्यामध्ये वीत धरली. "एवढंच अंतर. आणि समोर हजार माणसं आहेत असं मनात आणू नकोस. एकच आहे, उशाशी रेडिओ घेऊन पडलेलं." प, फ, भ आला की मान किंचित तिरकी, नाहीतर श्वास माईकवर धप्पकन आदळतो.

बाईंचं ते सगळं मला जिम रीव्हज या अमेरिकन कंट्री गायकाच्या 'ही विल हॅव टु गो' या गाण्यात ऐकू येतं. बारमधून एक माणूस आपल्या प्रेयसीला फोन करतोय. तिच्याजवळ दुसरा कुणी आहे, हे त्याला ठाऊक आहे. आवाज चढत नाही, रडगाणं नाही. ओठ फोनच्या अजून जवळ आण म्हणतो, इथला ज्यूकबॉक्स, म्हणजे नाणं टाकून गाणी वाजवायचं यंत्र, हळू करायला सांगतो म्हणतो, आणि तुझ्या त्या मित्राला आता जावं लागेल एवढं त्याला सांग, म्हणतो. त्या शेवटच्या 'गो'वर आवाज अलगद तळाला जाऊन बसतो. तिथे माझा हात अजूनही थांबतो, भाजी चिरत असले तरी.

गाणं लिहिलं जो आणि ऑड्री ॲलिसन या नवराबायकोने. ऑड्री फोनवर इतकी हळू बोलायची की जो तिला सारखा सांगायचा, फोन तोंडाजवळ घे.

रीव्हज टेक्ससचा, आधी बेसबॉल खेळायचा, मग रेडिओवर निवेदक झाला. म्हणजे आमच्याच जातकुळीतला! सुरुवातीला तोही मोठ्याने गायचा, पुढे ओठ माईकला जवळजवळ टेकवून गाऊ लागला. ऑक्टोबर १९५९मध्ये नॅशव्हिलला आरसीए या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत हे गाणं झालं, निर्माता चेट ॲटकिन्स. कंट्री गाण्यांत नेहमी असणारं फिडल (व्हायोलिन) नाही, स्टील गिटार नाही. फ्लॉइड क्रेमरचा पियानो आणि मागे अनिता कर सिंगर्सचे हलके सूर. तबकडीच्या मागच्या बाजूला टाकलेलं हे गाणं, पण रेडिओवाल्यांनी तबकडी उलटली आणि १९६०मध्ये ते कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत १४ आठवडे पहिलं राहिलं. पॉपच्या यादीतही दुसऱ्या नंबरपर्यंत गेलं.

तिने काय उत्तर दिलं, ते गाण्यात येतच नाही. त्याच वर्षी जीन ब्लॅकने तिच्या बाजूने 'ही विल हॅव टु स्टे' गायलं. मी ते एकदाच ऐकलं, परत लावलं नाही. माझ्यासाठी तो माणूस अजून फोन धरून उभा आहे.