ई-सायकलची बॅटरी उतरली: सेल बदलायचे की नवीन घ्यायची?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो. प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: "इलेक्ट्रिक सायकल तीन वर्षांची झाली. आधी तीस किलोमीटर सहज जायची, आता बारा-पंधरातच थांबते. नवीन बॅटरीची किंमत ऐकून सायकलच विकून टाकावी असं वाटतं. आतले सेल बदलून मिळतात म्हणे, बदलावेत का?"

बदलावेत, पण मोजल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. "बॅटरी गेली" म्हणून येणाऱ्या बॅटरीच्या पेट्यांमध्ये कधी चार्जर अशक्त निघतो, कधी कनेक्टरची पिन जळालेली असते, तर कधी आतल्या चाळीस सेलांपैकी एकाच कोपऱ्यातले चार मागे पडलेले असतात. या तिन्हींचा खर्च वेगळा आणि सगळे सेल बदलण्याचा खर्च वेगळा. पहिला सल्ला वॉरंटी कार्ड काढून बघण्याचा. मुदत शिल्लक असेल तर पेटीच्या स्क्रूला हातही लावू नका.

आपल्याकडच्या बऱ्याच ई-सायकलींत असते ती ३६ व्होल्टची लिथियम बॅटरी धरून बोलू. आत १८६५० जातीचे सेल असतात, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांब. चार सेल पॅरललमध्ये (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडून एक गट आणि असे दहा गट सिरीजमध्ये (एकाचा प्लस पुढच्याच्या मायनसला), एकूण चाळीस सेल. एक सेल भरल्यावर ४.२ व्होल्ट, म्हणून पूर्ण बॅटरी ४२ व्होल्ट. सेल २६०० एमएएचचा (मिलिअँपिअर-तास, म्हणजे २.६ अँपिअर-तास) असेल तर बॅटरी साधारण १० अँपिअर-तासांची. ४८ व्होल्टच्या बॅटरीत तेरा गट असतात आणि ती ५४.६ व्होल्टला भरते. बाकी हिशोब तोच.

पहिली तपासणी घड्याळाची, तिला उपकरण लागत नाही. सायकल स्वतःहून बंद पडेपर्यंत चालवा, घरी येऊन चार्जिंगला लावा आणि वेळ लिहून ठेवा. चार्जर २ अँपिअरचा असेल तर १० अँपिअर-तासांच्या बॅटरीला साडेपाच-सहा तास लागायला हवेत. तीन तासांतच हिरवा दिवा लागला, तर तुमच्या हाती निम्मीच क्षमता उरली आहे.

ती का उरली, हे मीटर सांगतो. दोन-तीनशे रुपयांचा साधा मल्टिमीटर पुरतो. आधी चार्जर एकटाच प्लगला लावून त्याचं आउटपुट मोजा. ते ४२ व्होल्टच्या अगदी जवळ हवं. ४० दाखवत असेल तर चार्जर बदला, कदाचित तेवढ्यावरच काम भागेल. चार्जर ठीक असेल तर हिरवा दिवा लागून तासभर झाल्यावर बॅटरीचं व्होल्टेज बघा. ४१.५ च्या आसपास असेल तर गट एका पातळीत आहेत, आणि तरीही अंतर घटलं असेल तर सगळेच सेल सारखे म्हातारे झालेत. पण हिरवा दिवा लागूनही व्होल्टेज ४० च्या आत अडकलं असेल, तर एखादा गट इतरांपेक्षा पुढे किंवा मागे गेलाय. सर्वांत भरलेला गट काठोकाठ आला की बीएमएस, म्हणजे सेलवर पहारा करणारं सर्किट, चार्जिंग तोडतं. उलट चढावर सर्वांत रिकामा गट ३ व्होल्टच्या खाली घसरला की तेच सर्किट मोटार बंद करतं. सायकलच्या मीटरवर अर्धी बॅटरी दिसत असताना पुलाच्या चढावर सायकल अचानक बंद पडते आणि थांबून पुन्हा चालू केली की चालते, ही तक्रार याच जातीची.

आता पेटी उघडायची वेळ. हातातली अंगठी, घड्याळ, गळ्यातली साखळी, मंगळसूत्र काढून ठेवा. लाकडी टेबल घ्या, स्टीलची पट्टी त्या खोलीतही नको. स्क्रूड्रायव्हरच्या दांडीला टोक सोडून टेप गुंडाळा. पूर्ण बॅटरीच्या दोन टोकांवर धातू पडला तर शेकडो अँपिअर वाहू शकतात, मग वितळलेला धातू आधी डोळ्यांकडे उडतो. चष्मा लावा. नेलपॉलिशसारखा गोडसर वास आला, सेल ओले दिसले किंवा गंज-पाणी आत गेल्याच्या खुणा दिसल्या, तर काम तिथेच थांबवून पेटी घराबाहेर मोकळ्या जागी ठेवा. पावसात सायकल उघड्यावर राहिली असेल तर हे हमखास बघा.

बीएमएसला एक पांढरं कनेक्टर असतं, दहा गटांच्या बॅटरीत अकरा बारीक तारांचं. शेजारशेजारच्या दोन पिनांमधलं व्होल्टेज म्हणजे एका गटाचं व्होल्टेज. मीटरचं एकच टोक एकाच वेळी दोन पिनांना टेकू देऊ नका, बारीक सुईची टोकं वापरा. दहाही आकडे वहीत लिहा. समजा नऊ गट ४.०८ ते ४.१० आणि पाचवा ३.६२ निघाला. यातून अजून सेल मेलेत असं सिद्ध होत नाही. बॅटरी चार-सहा महिने पडून राहिली असेल, तर काही बीएमएस स्वतःला लागणारा थोडासा करंट ठरावीक गटांतूनच ओढतात आणि ते गट मागे पडतात. हा फरक आपोआप भरून येईल अशी आशा ठेवू नका. साधं बीएमएस गट समान करताना ५० मिलिअँपिअरच्या आसपास करंट जाळतं. ५ अँपिअर-तासांची तफावत त्या वेगाने भरायला १०० तास लागतील, आणि इतका वेळ चार्जर कुणी लावून ठेवत नाही.

म्हणून मागे पडलेला गट एकटा भरायचा. कनेक्टर बीएमएसमधून काढा. व्होल्टेज आणि करंट दोन्ही ठरवता येतात असा पॉवर सप्लाय घेऊन ४.१० व्होल्ट आणि १ अँपिअर लावा, आणि त्या गटाच्या निकेल पट्टीवर प्लस-मायनस नीट बघून जोडा. पाच-सहा तास लागतील, तेवढा वेळ समोर बसा. गट गरम झाला तर तोडा. भरून झाल्यावर आठवडाभर बॅटरी तशीच ठेवून पुन्हा दहा आकडे घ्या. पाचवा गट जागेवर असेल तर जिंकलात, बॅटरी पुन्हा वापरायला काढा. पण तो पुन्हा ०.०५ व्होल्ट किंवा अधिक उतरला आणि बाकीचे हलले नाहीत, तर त्यातला एखादा सेल आतून गळतोय आणि सोबतच्या तिघांनाही रिकामं करतोय. जो गट बराच काळ २ व्होल्टच्या खाली राहिला असेल, तो भरायचा प्रयत्नच करू नका. इतक्या खाली गेल्यावर सेलमधलं तांबं विरघळतं, आणि पुन्हा भरताना ते आत जमून शॉर्ट होऊ शकतं. "बूस्ट देऊन जिवंत करतो" म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

एकच गट खराब असेल तर तेवढाच बदलावा का? बॅटरी दीड-दोन वर्षांची आणि बाकीचे नऊ गट निरोगी असतील तर हो, पण गटातले चारही सेल बदला. जुन्या तीन सेलना एक नवा पॅरललमध्ये जोडू नका. जास्त भार नव्यावर येतो आणि जुने त्याला खेचत राहतात. तीन वर्षांनंतर एक गट बदलण्यात अर्थ नाही. काही महिन्यांत दुसरा बिघडेल, मग तिसरा, आणि प्रत्येक वेळी पेटी उघडण्याची मजुरी. तिथे चाळीसही बदला, पेटी, कनेक्टर आणि चालत असेल तर चार्जर ठेवा. स्वस्ताई खरी इथे आहे.

सेल निवडताना आधी तुमच्या कंट्रोलरचा, म्हणजे मोटारीला वीज पुरवणाऱ्या सर्किटचा, करंट बघा. २५० वॅटच्या सायकलीचा कंट्रोलर साधारण १५ अँपिअरपर्यंत ओढतो, चार सेलांत वाटून प्रत्येकी पावणेचार. म्हणून सलग ५ अँपिअर देणारा साधा २६०० एमएएचचा सेल पुरेसा आहे, ड्रिल मशीनसाठीचे महागडे सेल नकोत. मात्र गटात दोनच सेल असतील तर प्रत्येकावर साडेसात येतात, तिथे १० अँपिअरचाच घ्या. वेष्टनावर ५००० किंवा ९९०० एमएएच छापलेला १८६५० सेल खोटा आहे, या आकारात बाजारात मिळणारे उत्तम सेलही ३५०० च्या आसपासच असतात. वजन करा: खरा सेल ४५ ग्रॅमच्या आगेमागे भरतो, ३० भरला तर परत करा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत घेतलेत तरी बिलावर कंपनी आणि मॉडेल लिहून घ्या. लॅपटॉपच्या जुन्या बॅटऱ्यांतून काढलेले सेल टॉर्चला ठीक, माणूस बसतो त्या वाहनाला नाही.

आलेले सेल लगेच जोडू नका. सगळ्यांचं व्होल्टेज मोजा, ०.०३ पेक्षा जास्त फरक असलेले बाजूला काढा, आठवड्याने पुन्हा मोजा. जो उतरला तो परत.

जोडणीत एका बारीक गोष्टीवर मी अडून बसतो. १८६५० सेलचा अख्खा पत्रा मायनस असतो, अगदी प्लसच्या बटणाभोवतीची कडसुद्धा. बटण आणि कड यांत दोन-तीन मिलिमीटरचं अंतर आणि वर कागदाहून फार जाड नसलेलं प्लास्टिक. निकेलची पट्टी त्या कडेवरून जाते. खड्ड्यांतून हजारो वेळा हादरे बसले की पट्टीची धार ते प्लास्टिक कापते आणि सेल थेट शॉर्ट होतो. म्हणून प्रत्येक प्लस टोकावर इन्सुलेशन कागदाची चिकट चकती लावलीच पाहिजे. चाळीस चकत्यांचा खर्च चहाच्या बिलाएवढा. काम करून घेणार असाल तर श्रिंक (उष्णतेने आवळणारं प्लास्टिकचं वेष्टन) चढवायच्या आधीचा फोटो मागा आणि चकत्या मोजा.

पट्टी शुद्ध निकेलची, ०.१५ जाड आणि ८ मिलिमीटर रुंद. निकेल चढवलेली लोखंडी पट्टीही तशीच चमकते आणि चुंबकाला दोन्ही चिकटतात, त्यामुळे चुंबकाची परीक्षा फसवी. तुकड्यावर पॉलिश पेपर घासून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी तांबूस गंज दिसला तर लोखंड. जोड स्पॉट वेल्डिंगनेच. सेलवर थेट सोल्डरिंग करणाऱ्याला काम देऊ नका, उष्णतेने आतलं सील आणि पडदा दोन्ही बिघडतात. घरी वेल्डिंग करायचा मोह होतो, पण चाळीस सेलांसाठी नवशिक्याने मशीन घेऊन हात बसवण्यापेक्षा तेवढं काम दुकानात द्यावं असं माझं मत आहे. वेल्ड ओढून बघा: पट्टी फाटली पाहिजे, सुटता कामा नये.

बीएमएस जुनं असेल तर याच वेळी बदला, सेलांच्या खर्चापुढे ते किरकोळ आहे. दहा गटांचं, १५ ते २० अँपिअरचं, तापमानाची तार असलेलं. जाड मायनस तार आधी सोल्डर करा, बारीक अकरा तारा क्रमाने, आणि कनेक्टर खोचण्याआधी मोजा. पहिल्या तारेपासून प्रत्येक पुढची तार सारख्या टप्प्याने, साधारण ३.६ व्होल्टने, चढत गेली पाहिजे. एक जागा चुकली तर बीएमएस खोचताक्षणी जळतं. काही सायकलींत बॅटरी कंट्रोलरशी डेटाच्या तारेने बोलते. तिथे दुसरं बीएमएस बसवलं तर सायकल चालूच होत नाही, म्हणून मूळचंच ठेवावं लागतं.

पैशांचा हिशोब माझ्या मते असा: सेल, बीएमएस आणि मजुरी मिळून वॉरंटीसह नव्या बॅटरीच्या ६० टक्क्यांवर गेली, तर नवीच घ्या. त्याखाली असेल तर सेल बदला, पण कारागिराकडून तीन गोष्टी लेखी घ्या: सेलचं मॉडेल, किमान सहा महिन्यांची हमी आणि डिस्चार्ज टेस्टचा आकडा. ४२ पासून ३० व्होल्टपर्यंत २ अँपिअरने उतरवल्यावर १०.४ अँपिअर-तासांच्या बॅटरीने १० च्या आसपास दिले पाहिजेत. पहिलं चार्जिंग दिवसा, फरशीवर, नजरेसमोर.

नंबरप्लेटच्या स्कूटरचा मामला वेगळा. त्यांच्या बॅटरीला एआयएस-१५६ या सुरक्षा मानकाचे नियम आहेत, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत कडक झालेले. ती पेटी गल्लीत उघडू नका, वाहनाची मान्यता त्या बॅटरीसकट असते. आणि जुन्या लेड-अ‍ॅसिड स्कूटरमध्ये लिथियम घालणार असाल तर चार्जरही बदला. ४८ व्होल्टचा लेडचा चार्जर ५८-५९ व्होल्टपर्यंत जातो, आणि तेरा गटांची लिथियम बॅटरी ५४.६ लाच भरलेली असते. तिथे फक्त बीएमएसच्या भरवशावर राहणं म्हणजे आगीशी खेळ.

काढलेले जुने सेल घंटागाडीत टाकू नका, गाडीत दाबले गेले की पेटतात. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना टेप लावा, प्लास्टिकच्या डब्यात भरा आणि बॅटरी विकणाऱ्याकडे किंवा ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रात द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, म्हणून ज्या कंपनीची सायकल आहे तिच्याकडेही विचारा.