पाव किलो डांगर

लग्नानंतरचा पहिलाच महिना होता. सासूबाई पूजेला बसता बसता म्हणाल्या, "आज डांगर कर गं." मी चिपळूणची. आमच्याकडे डांगर म्हणजे उडदाच्या पापडाचं पीठ दह्यात कालवायचं, बारीक कांदा घालायचा, वरून हिंगाची फोडणी. मी मन लावून केलं. पानावर बसल्यावर सासूबाईंनी वाटीत डोकावून पाहिलं, मग ओट्याच्या कोपऱ्यात सकाळपासून पडलेल्या केशरी फाकेकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. जळगावकडे लाल भोपळ्यालाच डांगर म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. नागपूरच्या आमच्या जाऊबाई त्यालाच कोहळं म्हणतात, आणि माझ्या माहेरी कोहळा म्हणजे पेठ्याचा, पांढरा. घरात तिघी सुना-सासवा आणि एका भाजीवरून तिघींचं एकमत नाही.

आता इतक्या वर्षांनी ही फाक पुन्हा माझ्या वाट्याला आली, ती आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेल्या कागदावरून. आठ किलो कमी करायचेत. कागदावर 'चालेल' आणि 'नको' असे दोन रकाने, आणि लाल भोपळा 'चालेल'मध्ये. सकाळच्या फिरायच्या कंपूत मात्र लगेच मतभेद. "गोड असतो गं तो, साखरच ती!" एकीचं म्हणणं. दुसरीचं, "उपासाला चालतो म्हणजे डाएटला चालणारच." या दुसऱ्या तर्कावर माझा विश्वास नाही. उपासाला साबुदाण्याची खिचडीही चालते. शिवाय हा भोपळा मूळचा अमेरिकेतला, बटाटा-मिरचीसारखा समुद्रापलीकडून आलेला, आणि आपण त्याला सरळ एकादशीच्या पंगतीत बसवला.

मग मी स्वतःच हिशेब मांडायला घेतला. विजेच्या बिलाच्या पाकिटामागे. 100 ग्रॅम कच्च्या भोपळ्यात साधारण 26 कॅलरी. नव्वद टक्क्यांच्या वर नुसतं पाणी. ज्या गोडव्याला आमच्या मैत्रिणी घाबरतात, ती साखर आणि स्टार्च मिळून 6-7 ग्रॅम. बटाट्यात याच्या जवळजवळ तिप्पट कॅलरी, रताळ्यात त्याहून थोड्या जास्तच. म्हणजे पाव किलोची अख्खी फाक मी एकटीने उकडून खाल्ली तरी 65 कॅलरी. एका पोळीएवढ्यासुद्धा नाहीत.

इथवर मी खूश होते. मग त्याच पाकिटावर घारगे लिहिले.

पाव किलो भोपळा किसून शिजवायचा, त्यात पाऊणशे-शंभर ग्रॅम तरी गूळ, मावेल तेवढी कणीक, वेलची, चिमूटभर मीठ. थापून तळायचे, खसखस लावली तर उत्तमच. भोपळ्याचे 65. गुळाचे साडेतीनशेच्या आसपास. पाव किलो कणकेचे साडेआठशे. तेल अजून कढईतच आहे, घारग्यात शिरलंही नाही, तोवर साडेबाराशे पार. भोपळ्याचा वाटा वीस रुपयांत एक रुपया. आणि आपण काय म्हणतो? "खा गं, भोपळ्याचेच तर आहेत!" साधी भाजी केली तरी तेच. मेथीदाण्याची झकास फोडणी द्यायची म्हणून मी दोन मोठे डाव तेल घालायचे, म्हणजे अडीचशे कॅलरी. भाजीच्या चौपट फोडणी.

लहानपणीच्या गोष्टीतली म्हातारी आठवा. वाळकुडी म्हातारी लेकीकडे जाते, तूप-रोटी खाऊन टणटणीत होते आणि भोपळ्यात बसून जंगल पार करते. तिला जाड केलं ते तुपाने. भोपळ्याने बिचाऱ्याने फक्त घरी आणून सोडलं.

पण भोपळ्याची बाजू किती घ्यायची यालाही मर्यादा आहे. पहिल्या आठवड्यात मी रात्री नुसतं भोपळ्याचं सूप प्यायले. मीठ, मिरपूड, आलं, बाकी काही नाही. रंग असा देखणा की फोटो काढून लेकीला पाठवला. साडेदहाला पोटात कावळे ओरडायला लागले आणि अकराला मी फरसाणाच्या डब्यापाशी उभी. पाणी भरून किती वेळ पोट फसणार? त्यात प्रथिनं अगदी नावापुरती, चोथाही लोक समजतात तेवढा नाही. आठवडाभराने काट्याने वजनात घट दाखवली ती भोपळा! परीक्षेतला.

मग सासूबाईंच्या पद्धतीचं भरीत सुरू केलं. फोडी वाफवून हातानेच कुस्करायच्या. पुरण नाही करायचं, गाठी राहू द्यायच्या. गार झाल्यावर घट्ट दही, दाण्याचं कूट एक चमचा, मीठ, हिरवी मिरची, कोथिंबीर, आणि पळीत चमचाभर तेलात मोहरी, हिंग, चार मेथीदाणे. मोठा वाडगा भरून. सोबत एक भाकरी आणि मुगाचं वरण. दुसऱ्यांदा भात घ्यायचा हात यानेच थांबला, तो सूपाने थांबला नव्हता. वजन सावकाश का होईना, खाली यायला लागलं. भातावरून उतरलं की भोपळ्यावरून, हे काट्याला कुठे कळतं!

मध्येच एक घोटाळा झाला. भोपळ्याच्या बिया पौष्टिक, असं कंपूत ठरलं आणि मी सोललेल्या हिरव्या बियांची बरणी आणली. येता-जाता मूठ. पंधरा दिवस काटा जागचा हलेना. पाकीट पुन्हा काढलं. 100 ग्रॅम बियांत साडेपाचशेच्या वर कॅलरी! त्याच फळाच्या पोटातल्या, आणि गराच्या वीसपट.

सासूबाईंना बरणी दाखवली, तर त्या किमतीवरच अडकल्या. दुसऱ्या दिवशी फाकेतला गाभा मी कचऱ्यात टाकायला निघाले, तो त्यांनी हातातून घेतला. बिया धुतल्या, राखेऐवजी कोरड्या फडक्यावर चोळल्या, गच्चीत तीन दिवस वाळवल्या. संध्याकाळी मालिका लागली की ताटली मांडीवर घेऊन बसतात. एकेक बी दाताखाली अलगद फोडायची, नखाने साल काढायचं, आतला हिरवा पापुद्रा सुटा करायचा. अर्ध्या तासाची मालिका संपली की त्या माझा तळहात पुढे करायला लावतात आणि त्यावर मोजून सात-आठ बिया ठेवतात.

"एवढ्याच?" मी म्हणते.

"हव्या असतील तर बस इथे सोलायला."